उशिरा आलेल्याने निदान एक शब्द बोलावा की नाही?

प्रश्न :

ताई, मी डोंबिवलीला राहते, नोकरी ऐरोलीला. गेल्या आठवड्यात वॉशिंग मशिन बंद पडलं म्हणून कंपनीकडे तक्रार नोंदवली. मंगळवारची सकाळी दहा ते बारा ही वेळ मिळाली. मी हाफ डे टाकून घरी थांबले. बारा वाजले, एक वाजला. कस्टमर केअरला फोन केला तर 'टेक्निशियन रस्त्यात आहेत' एवढंच उत्तर. शेवटी साडेतीनला तो आला. माझ्या हाफ डेचा फुल डे झाला होता. आल्या आल्या 'मशिन कुठंय?' म्हणत सरळ आत. उशिराबद्दल अवाक्षर नाही. माझा तोल गेला. 'साडेतीन तास उशिरा आलात, सॉरी म्हणायची पद्धत नाही का तुमच्यात?' असं चढ्या आवाजात विचारलं. तो म्हणाला, 'मॅडम, मशिन बघू की जाऊ?' सासूबाई मध्ये पडल्या, त्याला चहा दिला. त्याने खालचं झाकण उघडून फिल्टर काढला, त्यातून दोन हेअरपिना आणि एक नाणं निघालं. पण पंपही गेलाय म्हणाला. शनिवारी नवा पंप घेऊन येणार आहे.

रात्री नवरा म्हणाला, 'बिचाऱ्याला कशाला बोललीस, दिवसभर वणवण फिरतात ते.' सासूबाईंचं म्हणणं, दारात आलेल्या माणसाला असं बोलू नये. तो आठवडाच वाईट गेला. गुरुवारी सासऱ्यांना गुडघ्याच्या डॉक्टरांकडे नेलं, सहाची अपॉइंटमेंट होती, आत बोलावलं साडेसातला. घरी येऊन स्वयंपाक, मुलीचा अभ्यास, सगळं तसंच पडलेलं. पण डोक्यात अजून मंगळवारच चालू आहे. मी पैसे मोजते, स्वतः वेळ पाळते, मग समोरच्याला उशीर झाल्यावर त्याने माफी मागावी असं वाटणं चुकीचं आहे का? की आपल्याकडे ही अपेक्षाच ठेवायची नाही?

— एक वाचक, डोंबिवली

उत्तर :

अपेक्षा चुकीची नाही, हे आधी स्पष्ट सांगते. ज्याने वेळ दिली त्याला ती पाळता आली नाही, तर त्याने तसं म्हणायला हवं. जेवायला बोलावलेला पाहुणा तासभर उशिरा पोहोचला तर चपला काढता काढताच 'फार ताटकळत ठेवलं तुम्हाला' म्हणतो, आपणही 'असू दे हो, या' म्हणतो आणि पानं वाढली जातात. तिथे पैशांचा संबंध नसतो, तरी कुणी ते टाळत नाही. मग जिथे आपण सुट्टी खर्च करून आणि पैसे मोजून थांबलोय, तिथे एवढं वाक्य मागणं म्हणजे अरेरावी कशी होईल? तुमचा दिवस गेला. तो गेला हे कुणीतरी मान्य करावं, इतकंच तुम्हाला हवं होतं.

तुमच्या नवऱ्याचा हेतू चांगला आहे, पण त्यांचं 'बिचाऱ्याला' मला पटत नाही. तो बिचारा नाही, कारागीर आहे. पाण्याने भरलेलं मशिन थोडं तिरकं करून, खाली फडकं लावून, घरभर पाणी होऊ न देता फिल्टर काढणं तुम्हा-आम्हाला जमत नाही म्हणून तर त्याला बोलावलं. ज्याच्या हातात हुन्नर आहे त्याच्याकडून दिलेल्या वेळेचीही अपेक्षा ठेवावी, यात त्याचा मानच आहे. 'जाऊ दे, तो काय बोलणार' असं म्हणताना आपण दयाळू वाटतो, पण मनातल्या मनात त्याला एक पायरी खाली उतरवलेलं असतं.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीवर मी अडकले, तिच्याकडे येते. गुरुवारची ओळ. सहाची वेळ आणि आत बोलावलं साडेसातला. सासऱ्यांचे गुडघे दुखतात म्हणून तर नेलं होतं, आणि ते दीड तास बाकावर बसून होते. त्याबद्दल तुम्ही एका वाक्यात लिहिलंय आणि पुढे गेला आहात. डॉक्टर काही म्हणाले का, ते तुम्ही लिहिलं नाही. बहुधा नसतील म्हणाले. तुम्हीही त्यांना काही विचारलं नसेल. निघताना 'थँक्यू डॉक्टर' म्हणूनच बाहेर पडला असाल, जसं आपण सगळेच पडतो.

हे तुम्हाला दोष देण्यासाठी काढलं नाही. पण प्रश्नाचा खरा गाभा मला इथे दिसतो. मंगळवारी साडेतीन तास गेले, गुरुवारी दीड. मंगळवारी निदान घरात पंख्याखाली होतात, गुरुवारी दुखऱ्या गुडघ्यांच्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन बसला होतात. आणि तरी राग फक्त मंगळवारचा उरला. आपल्याकडे माफीची अपेक्षा उतरणीवर वाहते. रिक्षावाला, प्लंबर, ब्लाउज शिवणारी, कामाला येणाऱ्या मावशी यांना पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तरी आपण जाब विचारतो. डॉक्टर, वकील, सीए, शाळेचे मुख्याध्यापक यांच्या दाराबाहेर तासन् तास बसून राहतो आणि आत गेल्यावर 'तुमचा वेळ घेतला' असं उलट आपणच म्हणतो. दाराशी आलेल्या कारागिराने मान खाली घालून उभं राहावं, ही सवय फार जुनी आहे आणि ती पगारपाण्याच्या नव्या घरांतही टिकून आहे. म्हणून माझं म्हणणं असं, की अपेक्षा जरूर ठेवा, पण माप एकच ठेवा. ज्या डॉक्टरांना आपण 'उशीर झाला हं' एवढंही ऐकवू शकत नाही, त्यांचा सगळा हिशोब त्या पंपवाल्या मुलाकडून वसूल होत असेल, तर तो न्याय नाही.

डॉक्टरांची बाजूही तेवढीच खरी आहे. एखादं ऑपरेशन लांबतं, आधीच्या पेशंटला वाईट बातमी द्यायची असते आणि ती पाच मिनिटांत सांगून त्याला बाहेर काढता येत नाही. बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरला तर घड्याळ पाळताच येत नाही. अशा उशिराचं मला कधी वाईट वाटत नाही. उद्या आपल्यावर तशी वेळ आली तर आपल्यालाही तेवढा वेळ मिळावा असंच आपण म्हणू. पण सहाचीच वेळ सात-आठ जणांना देऊन ठेवलेली असते, तेव्हा तो उशीर आणीबाणीतून आलेला नसतो. तो वहीत आधीच लिहून ठेवलेला असतो.

आणि तुमच्या मंगळवारचंही तसंच आहे. माझ्या बहिणीचा मुलगा एसी आणि वॉशिंग मशिन दुरुस्तीच्या कामात आहे, म्हणून हे जग मला थोडं जवळून माहीत आहे. दहा ते बारा ही वेळ तुम्हाला त्या मुलाने दिलेलीच नसते. ती कॉल सेंटरमधल्या कुणीतरी संगणकावर बघून दिलेली असते. त्याच दोन तासांत त्याच्या मोबाइलवर तीन-चार घरं पडलेली असतात, एक डोंबिवली पूर्वेला, एक पश्चिमेला, एक ठाकुर्लीला. पहिल्या घरी अर्ध्या तासाचं काम दीड तास चालतं, कारण ड्रम उघडल्यावर बेअरिंगही गेलेलं दिसतं. पुढच्या घरी पार्किंग नाही. तिसऱ्या सोसायटीत वॉचमन नोंद केल्याशिवाय सोडत नाही आणि फ्लॅटमधलं कुणी इंटरकॉम उचलत नाही. तो ज्या घरी अगदी वेळेवर जातो, तिथले काही जण सांगतात, 'आम्ही जरा बाहेर आलोय, अर्ध्या तासात पोहोचतो, खाली थांबा.' त्या अर्ध्या तासाबद्दल त्याला कुणी सॉरी म्हणत नाही. बऱ्याच ठिकाणी पैसे मिळतात ते पुऱ्या झालेल्या कॉलमागे. पेट्रोल स्वतःचं. तुमच्या दारात तो साडेतीनला उभा होता तेव्हा तो जेवला होता का, हे मला माहीत नाही. पण सासूबाईंना ते सुचलं असावं, म्हणून त्यांनी चहा टाकला. त्यांचं बरोबर होतं. चहा देणं आणि सरळ शब्दांत उशिराबद्दल बोलणं यांत काही विरोध नाही. दोन्ही एकाच वेळी करता येतं.

'मग तू एक फोन का करत नाहीस, की मावशी, मला उशीर होईल?' असं मी माझ्या भाच्याला विचारलं होतं. त्याचं उत्तर ऐकून मी गप्प झाले. तो म्हणाला, फोन केला की आधी फोनवर शिव्या खायच्या, मग दारात गेल्यावर परत खायच्या. न सांगता गेलं की एकदाच खाव्या लागतात.

हे वाचून तुम्हाला राग येईल, पण त्यात तथ्य आहे. आपल्याला हवा असतो आगाऊ फोन. आणि तो करणाऱ्याचं आपण जे काही करतो, त्याने तो पुढच्या घरी फोन करणं सोडून देतो. म्हणून ज्या दिवशी कुणी आधी फोन करून सांगेल, त्या दिवशी, मनात कितीही संताप असला तरी, 'बरं झालं सांगितलंत, मग मी तोवर बाहेरचं काम उरकते, निघताना पुन्हा फोन करा' असं म्हणा. ही सवय आपण ग्राहकांनी लावायची आहे.

कारण खरं सांगायचं तर मागाहून आलेल्या माफीपेक्षा आधी आलेली माहिती मोलाची. तुम्ही लोकलने जाता-येता, तुम्हाला वेगळं सांगायला नको. गाडी उशिरा धावते तेव्हा गैरसोयीबद्दल दिलगिरीची घोषणा रोज होते. फलाटावर किती माणसं त्या घोषणेकडे मान वर करून बघतात? सगळ्यांची नजर इंडिकेटरवर असते. गाडी किती मिनिटांत आहे, फास्ट आहे की स्लो, हे कळलं की माणूस ठरवतो, थांबायचं की पुलावरून पलीकडे पळायचं. ती दिलगिरी खोटी असते असं नाही, पण तिच्या जिवावर कुणाला काही ठरवता येत नाही. 2019 मध्ये दिल्ली-लखनौ तेजस एक्सप्रेस सुरू झाली तेव्हा आयआरसीटीसीने तासाभरापेक्षा जास्त उशिराला 100 रुपये आणि दोन तासांपेक्षा जास्त उशिराला 250 रुपये भरपाई जाहीर केली होती. रक्कम किरकोळ होती, पण प्रवाशाच्या वेळेला किंमत आहे हे कागदावर लिहून दिलं गेलं, हे मला तेव्हा फार आवडलं होतं.

तुमच्या बाबतीत बारा वाजता कस्टमर केअरने 'टेक्निशियनकडे अजून दोन कॉल आहेत, तीनच्या आधी जमणार नाही' इतकं सांगितलं असतं, तर तुम्ही दुपारी ऑफिसला गेला असतात किंवा घरून काम केलं असतंत. 'रस्त्यात आहेत' हे उत्तर देऊन त्यांनी तुमची दुपार खाल्ली. माझ्या मते तुमचा राग जिथे पोहोचायला हवा ती जागा ही आहे. माफी मागायला हवी ती वेळ देणाऱ्या कंपनीने. तिचा आवाज फोनवर गोड असतो आणि चेहरा दिसत नाही, म्हणून दारात दिसणाऱ्या चेहऱ्याला सगळं ऐकावं लागतं.

तरीही त्या मुलाने दोन शब्द बोलायला हवे होते का? हो, हवे होते. वेळ त्याने दिली नसली तरी ताटकळलेलं माणूस त्याच्या समोर उभं होतं. 'मागच्या घरी अडकलो ताई, तुम्हाला थांबावं लागलं' एवढं म्हणायला मिनिटही लागत नाही, आणि तेवढ्यावर तुम्ही शांत झाला असतात याची मला खात्री आहे. तो नाही बोलला. कदाचित आधीच्या दोन घरी ऐकून आला होता आणि तुमच्याकडेही तेच ऐकायचंय असं धरून चालला होता. त्याचं 'बघू की जाऊ' उद्धट होतं, पण ते तुमच्या वाक्यानंतर आलं, हेही ध्यानात घ्या.

कारण तुमच्या वाक्यात एक शब्द असा होता, जो बोचला असणार. उशीर झाला हे तुम्ही सांगितलंत ते रास्त. 'पद्धत नाही का तुमच्यात' म्हटलंत तेव्हा मात्र विषय उशिराचा राहिला नाही, त्याच्या घरादाराचा, वळणाचा झाला. त्यावर कुणीही माफी मागत नाही, तुम्ही-मीही मागणार नाही. माणूस आखडतो आणि आपलंही बोलणं तिथेच फुकट जातं. पुढच्या वेळी असं म्हणून बघा : 'दादा, दहा ते बाराची वेळ होती, मी रजा टाकून बसले होते. उशीर होणार होता तर एक फोन करायला हवा होता.' झालं. आवाज नेहमीचा. तो दारात आल्यावर, पाण्याचा पेला पुढे करताना. एकदा बोललात की मग विषय संपला. तो खाली वाकून पंप सोडवत असताना डोक्यावर उभं राहून पुन्हा पुन्हा नको. ऐंशी टक्के माणसं, असं आकड्यात नको बोलायला, पण बहुतेक माणसं एवढ्यावर 'हो ताई, चुकलंच' म्हणतात. जो नाही म्हणणार त्याच्याकडून ओढून काढलेल्या सॉरीने तुम्हाला समाधानही मिळणार नाही.

आणि कृपा करून या उशिराचा राग रेटिंगवर काढू नका. काम झाल्यावर जे तारे मागतात ते त्या मुलाच्या नावावर पडतात, वेळ ठरवणाऱ्याच्या नाही. काम वाईट केलं, जादा पैसे मागितले, तर जरूर कमी द्या. उशिरासाठी कंपनीला वेगळा ईमेल लिहा : तक्रार क्रमांक, दिलेली वेळ, आलेली वेळ, कस्टमर केअरने काय सांगितलं, तुमची किती रजा गेली. चार ओळी पुरतात. त्यात सरळ विचारा की व्हिजिट चार्ज माफ करणार का. अनेकदा करतात, पण मागितल्याशिवाय नाही. एका दिवसाच्या उशिरासाठी कोर्टकचेरी करा असं मी म्हणणार नाही. मात्र हेच पुन्हा पुन्हा झालं, तारखांवर तारखा पडल्या आणि मशिन बंदच राहिलं, तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे ती सेवेतली त्रुटी आहे, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक त्यासाठीच आहे. सरकारी कचेरीत दाखला वेळेत मिळाला नाही तर तिथेही माफीची वाट बघत बसू नका. महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे, अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली असते, अपील करता येतं, आणि कारण नसताना उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

डॉक्टरांचं काय करायचं, तेही सांगते, कारण सासऱ्यांना पुन्हा न्यावं लागेलच. घरून निघण्यापूर्वी दवाखान्यात फोन करा. 'डॉक्टर बसलेत का? कितवा पेशंट आत आहे? आमचा नंबर साधारण किती वाजता लागेल?' रिसेप्शनवरच्या मुलीला ते नेमकं माहीत असतं, आपणच विचारत नाही. जमलं तर पहिलीच वेळ घ्या. आणि आत गेल्यावर, तपासून झाल्यावर, औषधं लिहून झाल्यावर, नम्रपणे म्हणा, 'डॉक्टर, सहाची वेळ होती, बाबांना दीड तास बसणं झेपत नाही. पुढच्या वेळी कधी आणलं तर कमी थांबावं लागेल?' ते चिडतील ही भीती मनातून काढा. चांगला डॉक्टर यावर वेळ सुचवतो, रिसेप्शनला बोलावून सांगतो. पहिल्यांदा बोलताना जीभ अडखळेल. मंगळवारी ती अडखळली नव्हती, हे तेव्हा आठवा, म्हणजे जमेल.

राहिला शनिवार. तो मुलगा पुन्हा तुमच्याकडे येणार आहे, तेव्हा मन साफ करायची संधी आयती चालून आली आहे. त्याचा नंबर तुमच्या मोबाइलमध्ये असेलच. शुक्रवारी संध्याकाळी त्याला स्वतः फोन करा, कंपनीला नव्हे. 'उद्या पहिला कॉल आमचा घेता येईल का? नाही तर खरी वेळ सांगा, मी त्याप्रमाणे थांबते.' कंपनीच्या दोन तासांच्या स्लॉटपेक्षा त्याने स्वतः सांगितलेली वेळ जास्त भरवशाची असते, कारण ती त्याने रस्ता डोळ्यांपुढे आणून सांगितलेली असते. आणि 'त्या दिवशी मी जरा जास्तच बोलले' हे वाक्य तुम्हाला बोलावंसं वाटत असेल तर बोला. पत्र ज्या सुरात लिहिलंय त्यावरून वाटतं, ते तुम्हाला बोलायचंय. त्यामुळे तुमची उशिराची तक्रार खोटी ठरत नाही. घरात मुलगीही ऐकत असेल, तर उत्तमच.

एक व्यवहाराची गोष्ट मात्र विसरू नका. पंप बसवल्यावर मशिन पूर्ण एक फेरी चालवून, पाणी नीट बाहेर जातंय हे बघा. मोबाइलवर येणारा कोड त्यानंतरच सांगा, 'आधी द्या, मग करतो' असं म्हणाला तरी नाही. जुना पंप मागून घ्या किंवा बघून घ्या, आणि नव्या पंपाची वॉरंटी किती महिन्यांची ते पावतीवर लिहून घ्या. मशिनमध्ये कपडे टाकण्याआधी मुलीच्या फ्रॉकचे खिसेही तपासत जा, त्या हेअरपिना बहुतेक तिथूनच आल्या असणार.